जुना सागवानी दरवाजा, मागाची फळी आणि बॅटरीवरचा सँडर

मुरारजी_पेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घराचा दोन फळ्यांचा सागवानी दरवाजा चौकटीसह घासून पुन्हा पॉलिश करावयाचा आहे. त्यावर ऑइल पेंटचे थरावर थर चढलेले असून जिथे टवके उडाले आहेत तिथे हिरव्याखाली पिवळट, त्याखाली राखाडी आणि सर्वांत तळाशी गुलाबीसर रंग दिसतो. शिवाय घरातील हातमाग मोडला तेव्हा त्याची एक लांब सागवानी फळी जपून ठेवली होती, तिचा ओसरीवर बसण्यासाठी बाक करण्याचा विचार आहे.

दरवाजा जिन्याच्या वळणावर असल्यामुळे जवळपास प्लग नाही आणि घरातील वृद्ध माणसांच्या वाटेवर वायर पसरून ठेवणे मला पटत नाही, म्हणून बॅटरीवर चालणारा सँडर, म्हणजे लाकूड घासण्याचे यंत्र, घेण्याचे मनात आहे. कोणत्या प्रकारचा सँडर घ्यावा, आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात बॅटरी कितपत तग धरते, कोणत्या नंबरच्या सँडपेपरपासून सुरुवात करावी आणि धुळीबाबत नेमकी कोणती काळजी घ्यावी, हे जाणकारांनी सांगावे. दुकानात वापराविषयी विचारले की "लावा आणि फिरवा" एवढेच उत्तर मिळते.

रंधा_पटाशी

अक्कलकोट रस्त्याला माझे सुतारकामाचे छोटे वर्कशॉप आहे आणि वायरचा व बॅटरीचा असे दोन्ही सँडर आमच्याकडे रोज चालतात, त्यामुळे कामाच्या अनुभवावरून लिहितो.

आधी यंत्राच्या प्रकाराविषयी. पट्ट्याचा सँडर, म्हणजे बेल्ट सँडर, लाकूड झपाट्याने उतरवतो, परंतु नवख्या हातात तो एका क्षणात खळगा पाडतो. चौकोनी ऑर्बिटल सँडर स्वस्त असतो, त्याला साधा पेपर कापून लावता येतो आणि तो कोपऱ्यापर्यंत पोहोचतो, मात्र त्याचे काम संथ असते. आपल्या कामासाठी १२५ मिलिमीटर पॅडचा (पॅड म्हणजे खालची, पेपर चिकटवायची चकती) गोल, रँडम ऑर्बिट प्रकारचा सँडर योग्य ठरेल. त्याचे पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून किंचित सरकून लहान वर्तुळेही काढते, त्यामुळे पेपरवरील एखादा कण एकाच वाटेने पुन्हा पुन्हा जात नाही आणि ओरखडे एकमेकांत विरून जातात. मकिताच्या डीबीओ १८० या यंत्रात मिनिटाला ७,०००, ९,५०० आणि ११,००० अशा वेगाच्या तीन पायऱ्या असून वर्तुळाचा व्यास २.८ मिलिमीटर आहे, तर डीवॉल्टच्या डीसीडब्ल्यू २१० मध्ये वेग ८,००० ते १२,००० यांच्या दरम्यान कमी-जास्त करता येतो आणि वर्तुळ २.६ मिलिमीटरचे असते. लाकडावर या फरकाचा परिणाम हाताला जाणवत नाही. म्हणून घरी ड्रिल मशीनसाठी ज्या कंपनीच्या बॅटऱ्या आधीपासून असतील त्याच कंपनीचा सँडर घ्यावा, कारण खरा खर्च बॅटरी आणि चार्जरचा असतो.

पेपर घेताना त्याची भोके पॅडच्या भोकांशी जुळतात की नाही ते पाहावे. पाच भोकांचा पेपर आठ भोकांच्या पॅडवर चिकटतो खरा, पण धूळ ओढली जात नाही, ती पेपर आणि लाकूड यांच्यामध्येच अडकते आणि तीच पुढे ओरखडे पाडते.

दुसरे, आणि हे मी जोर देऊन सांगतो, रंगाचे जाड थर उतरवणे हे सँडरचे काम नाही. घर्षणाच्या उष्णतेने ऑइल पेंट मऊ होतो, पेपरच्या कणांमध्ये भरतो आणि काही मिनिटांत पेपर काचेसारखा गुळगुळीत होऊन बसतो. मग माणूस अधिक दाबतो, पॅड तापते, पॅडवरचे पेपर धरून ठेवणारे बारीक हुक वितळतात आणि दोष यंत्राला दिला जातो. थर आधी अन्य मार्गाने काढा आणि सँडर फक्त उघड्या लाकडावर चालवा.

व्होल्टमीटर

बॅटरीच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण त्या बाबतीत दुकानांमधून बराच गोंधळ पसरवला जातो.

खोक्यावर १८ व्होल्ट लिहिलेले यंत्र आणि २० व्होल्ट मॅक्स लिहिलेले यंत्र यांत शक्तीचा फरक नसतो. दोन्हींत पाच लिथियम सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला की बेरीज १८ येते आणि पूर्ण चार्ज झालेल्या अवस्थेतील ४ व्होल्ट धरला की २० येते. पाहायचा आकडा आहे तो अँपिअर-तासांचा. १८ व्होल्टला २ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ३६ वॉट-तास ऊर्जा असते आणि ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास. सँडर सरासरी १५० वॉट खेचतो असे हिशेबासाठी धरले, तर पहिली बॅटरी पाव तासही जेमतेम चालेल आणि दुसरी अर्ध्या तासाच्या थोडी पुढे जाईल. ड्रिल मशीन थांबत-थांबत चालते, सँडर मात्र सलग चालतो, म्हणून ड्रिलसोबत मिळालेली लहान बॅटरी सँडरला अपुरी पडते. मोठ्या बॅटरीत बहुधा सेलच्या दोन रांगा समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक सेलवरचा भार निम्मा होतो आणि ती कमी तापते. सोलापुरात हा फायदा विजेच्या साठ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

बहुतेक उत्पादक लिथियम बॅटरी चार्ज करण्यासाठी ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची कमाल मर्यादा सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतले तापमानच ४२ च्या वर जाते आणि पत्र्याच्या शेडमध्ये ते त्याहूनही अधिक असते. नुकतीच यंत्रातून काढलेली बॅटरी आतून आणखी गरम असते. अशी बॅटरी चार्जरला लावली की चांगला चार्जर लाल दिवा दाखवून थांबून राहतो, आणि स्वस्त चार्जर न थांबता तिचे आयुष्य कमी करतो. म्हणून बॅटरी सावलीत, फरशीवर थंड होऊ द्यावी आणि मगच लावावी. ती फ्रिजमध्ये ठेवून थंड करू नये, कारण बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरते. दोन बॅटऱ्या असतील आणि काम पहाटे सहा ते साडेनऊच्या दरम्यान उरकले, तर उन्हाळ्यातही अडचण येत नाही. सुटी बॅटरी खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात टाकू नये, तिच्या टोकांना धातू लागून शॉर्ट झाल्यास आग लागू शकते.

झिलई

रंधा_पटाशी यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. मी घरातील फर्निचर स्वतः दुरुस्त करते, त्यामुळे प्रत्यक्ष हात कसा चालवावा याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण नव्वद टक्के परिणाम तिथेच ठरतो असे माझे मत आहे.

सँडर सपाट टेकवून मग सुरू करावा, आणि थांबवताना आधी उचलून मग बंद करावा. पॅड पूर्ण थांबल्याशिवाय ते खाली ठेवू नये. हवेत भन्नाट फिरणारे पॅड लाकडावर टेकले की पहिल्याच क्षणी चंद्रकोरीसारखा ओरखडा पडतो आणि तो पुढे पॉलिशखाली उठून दिसतो. पॅड हवेत असताना अवाजवी वेगाने फिरू नये म्हणून त्याच्यावर एक रबरी ब्रेक रिंग असते. जुन्या यंत्राचे पॅड उचलल्याबरोबर पंख्यासारखे गरगरू लागले तर ती रिंग झिजली आहे असे समजावे आणि ती बदलून घ्यावी.

दाब अजिबात देऊ नये. यंत्राचे वजन आणि इस्त्री फिरवताना कपड्यावर जितका असतो तितका हाताचा भार पुरे. याची एक सोपी परीक्षा आहे. पॅडच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढावी. घासताना ती रेघ सावकाश फिरताना दिसली पाहिजे. रेघ जागच्या जागी थरथरत असेल तर दाब जास्त झाला आहे, पॅडचे स्वतःभोवती फिरणे बंद पडले आहे आणि आता ते फक्त एकाच जागी ओरखडे काढत आहे. यंत्र पुढे नेण्याचा वेग सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर असावा. हे ऐकायला सोपे वाटते, प्रत्यक्षात इतके सावकाश जाण्यासाठी मनावर ताबा ठेवावा लागतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढली पाहिजे. कडेला पॅडचा एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग बाहेर जाऊ देऊ नये, नाहीतर यंत्र कलते आणि फळीची धारदार कड गोल होऊन जाते.

पेपरच्या नंबराबाबत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. बरेच कारागीर सवयीने ८० पासून सुरुवात करतात. पी ८० च्या कणाचा सरासरी आकार सुमारे २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पी १२० चा १२५ आणि पी १८० चा ८२. म्हणजे ८० नंबरने पाडलेला प्रत्येक ओरखडा पुढे १२० आणि १८० ने घासून काढावा लागतो. मागाची फळी जर मुळात सरळ असेल तर एका कोपऱ्यावर १२० लावून पाहावा आणि त्याने काम होत असेल तर ८० ला हात लावू नये. नंबर चढवताना उडी मोठी नसावी. ८० नंतर थेट २२० घेतला की वरवर लाकूड गुळगुळीत लागते, परंतु रंगछटा किंवा पॉलिश लावताच खोल ओरखडे गडद रेघांच्या रूपाने वर येतात. प्रत्येक नंबराआधी फळीभर पेन्सिलीच्या नागमोडी रेघा ओढाव्यात, त्या सगळ्या पुसल्या गेल्या की तो नंबर संपला. त्यानंतर धूळ पुसून टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरावा, म्हणजे राहिलेले ओरखडे आडव्या प्रकाशात दिसतात.

रंधा_पटाशी

झिलई यांचे १२० विषयीचे म्हणणे सरळ फळीपुरते मान्य आहे. जुन्या मागाची फळी क्वचितच सरळ असते, ती पीळ खाल्लेली असल्यास आधी रंधा मारावा आणि मगच सँडर घ्यावा. सँडरने पीळ काढण्याच्या प्रयत्नात फक्त बॅटऱ्या संपतात.

धूळपाटी

मी कारखान्यांतील आरोग्य व सुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. आतापर्यंतच्या चर्चेत धुळीचा मुद्दा ओझरता आला, म्हणून सविस्तर लिहिते.

लाकडाची धूळ ही केवळ शिंका आणणारी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात केला असून नाक आणि नाकालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातील मुख्य धोका आहे. हा धोका वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांना अधिक असतो हे खरे, तथापि साग आणि शिसवीच्या धुळीने त्वचेला खाज सुटणे किंवा दम लागणे हे थोड्या दिवसांच्या कामातही घडू शकते. डोळ्यांना दिसणारा भुसा तितका घातक नसतो, तो नाकातच अडकतो. उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारे बारीक कण फुप्फुसापर्यंत जातात आणि सँडरची कापडी पिशवी नेमके तेच कण पूर्णपणे अडवू शकत नाही.

रुमाल, ओढणी किंवा सर्जिकल मास्क यांचा येथे उपयोग नाही. आयएस ९४७३ या भारतीय मानकानुसार एफएफपी २ असे लिहिलेला किंवा एन ९५ मास्क वापरावा, नाकावरची पट्टी दाबून बसवावी आणि श्वास सोडताना चष्म्यावर वाफ येत असेल तर मास्क नीट बसलेला नाही असे समजावे. दाढी असल्यास कडेने हवा शिरते. काम थांबल्यावर लगेच मास्क काढू नये, कारण बारीक धूळ बराच वेळ हवेत तरंगत राहते. जागा झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

आता मूळ लेखकांच्या दरवाजाविषयी. गुलाबीसर तळथराचा उल्लेख वाचून मला चिंता वाटते. जुन्या काळी लाकडावर शिशाचे क्षार घातलेले गुलाबी प्रायमर वापरले जात असत आणि पिवळ्या-हिरव्या ऑइल पेंटमध्येही शिशाची रंगद्रव्ये असत. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादित करणारे नियम २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या प्रत्येक रंगात शिसे असेलच असे नाही, परंतु तपासणी झालेली नसेल तर ते आहे असे गृहीत धरूनच वागावे. अशा रंगावर सँडर चालवला तर शिशाची पिठासारखी धूळ घरभर पसरते, फरशीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा शिशाचा परिणाम भरून निघत नाही. म्हणून कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे, आणि काम चालू असताना व नंतरची सफाई पूर्ण होईपर्यंत मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या भागात येऊ देऊ नये.

मुरारजी_पेठकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरात लहान नातवंडे येत-जात असल्यामुळे धूळपाटी यांचा प्रतिसाद वाचून दरवाजाचे काम मी तूर्त थांबवले आहे. दोन शंका आहेत. पहिली, बॅटरीच्या यंत्रामुळे विजेचा झटका बसण्याचा प्रश्न नाही, मग पाणी शिंपडून त्याच सँडरने ओले घासता येईल का? दुसरी, दरवाजा उतरवून गच्चीवर नेला तर धुळीची अडचण संपेल का?

व्होल्टमीटर

पहिल्या शंकेचे उत्तर नाही असे आहे. १८ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरे, पण हे यंत्र जलरोधक नसते. पाणी आणि धूळ यांचा चिखल पंख्याच्या वाटेने मोटरमध्ये ओढला जातो आणि बॅटरीची टोके गंजतात. ओले घासायचे असेल तर ते हाताने, काळ्या वॉटर पेपरनेच करावे.

जुळे_सोलापूरकर

गच्चीबाबत अनुभवाचे बोल लिहितो. आमच्या सोसायटीत एका रहिवाशाने दुपारी गच्चीवर खिडक्यांच्या चौकटी घासल्या आणि ती सगळी रंगाची धूळ वाऱ्याने खाली वाळत घातलेल्या कपड्यांवर, कुरडया-पापडांवर आणि पाण्याच्या उघड्या टाकीवर जाऊन बसली. पाणी रोज येत नसल्यामुळे आपल्याकडे घरोघरी ते साठवलेले असते, याचे भान गच्चीवर काम करणाऱ्याने ठेवलेच पाहिजे. उघड्यावर काम करणाऱ्याला धूळ कमी लागते इतकेच, ती नाहीशी होत नाही.

आवाजाचाही विचार व्हावा. आवाज सलग ८५ डेसिबल असेल तर आठ तासांची मर्यादा धरली जाते आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९१ ला दोन तास. सँडरचा आवाज याच टापूत असतो. यंत्र चालवणाऱ्याने कानात प्लग घालावेत आणि व्होल्टमीटर यांनी सुचवलेली पहाटेची वेळ निवडण्यापूर्वी शेजाऱ्यांना एकदा विचारून घ्यावे.

रंधा_पटाशी

मालक, दरवाजासाठी मी काय करेन ते सांगतो. दरवाजा बिजागऱ्यांतून उतरवून मोकळ्या, सावलीच्या जागी जाड प्लॅस्टिकवर आडवा ठेवावा. रंगावर पेंट रिमूव्हर लावावा, थर फुगून उठले की ते ओलसर असतानाच पत्रीने खरवडून प्लॅस्टिकवर गोळा करावेत. अनेक रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असते आणि बंद खोलीत त्याची वाफ जिवावर बेतू शकते, म्हणून हे काम जिन्यात कदापि करू नये. धुळीचा मास्क या वाफेला अडवत नाही. डब्यावर सांगितलेले रसायनरोधक हातमोजे आणि गॉगल घालावेत. हीट गनने रंग जळेपर्यंत तापवणे हाही मार्ग नव्हे, कारण त्यातून शिशाची वाफ निघू शकते. खरवड गुंडाळून वेगळी ठेवावी, अंगणात किंवा कुंडीत टाकू नये.

त्यानंतर दरवाजा पुसून, धुऊन, पूर्ण वाळू द्यावा. लाकडाच्या छिद्रांत गुलाबी रंग राहिलाच तर तो वॉटर पेपरने ओला करून हाताने काढावा. सँडर त्यानंतरच्या सपाट भागासाठी. दिल्यांच्या, म्हणजे दरवाजात बसवलेल्या चौकोनी फळ्यांच्या, कडेची गोलाई, नक्षी आणि चौकटीचे कोपरे यांना गोल सँडर लावू नये, तो नक्षीचे नाक-डोळे पुसून टाकतो. तिथे लाकडी ठोकळ्याला किंवा बोटाला पेपर गुंडाळून हातानेच काम करावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

मागाच्या फळीचे तंत्र वेगळे आहे. मागाच्या लाकडात वर्षानुवर्षे वंगणाचे तेल मुरलेले असते आणि खिळे, बोल्टांचे तुकडे आत राहून गेलेले असतात. आधी फळीवरून चुंबक फिरवावे आणि सापडलेले लोखंड उपटून काढावे, न निघणारा खिळा ठोकणीने आत बसवावा. खिळ्याच्या डोक्यावरून पेपर गेला तर तो फाटतोच, शिवाय ठिणगी उडून धुळीच्या पिशवीत जाते. तेलकट डाग टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावेत आणि फळी उघड्यावर पूर्ण वाळल्याशिवाय, वास जाईपर्यंत, यंत्र चालवू नये.

हल्लीच्या दारांना लावलेला विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर जाडीचा असतो. हा धागा वाचून कोणी फ्लॅटच्या फ्लश डोअरवर (प्लायच्या सपाट दारावर) ८० नंबर लावू नये, प्लायचा आडवा थर उघडा पडायला काही सेकंद पुरतात.

व्होल्टमीटर

ठिणगीचा विषय निघाला आहे तर पिशवीविषयी दोन शब्द. पिशवी निम्मी भरली की रिकामी करावी आणि काम संपल्यावर तर नक्कीच करावी. जुन्या पॉलिशची आणि तेलाची बारीक धूळ दाबून भरलेली राहिली तर ती आतल्या आत तापून पेटू शकते. हाच नियम जवसाच्या तेलात भिजलेल्या फडक्यांना लागू आहे. तेल वाळताना हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते आणि बोळा करून टाकलेले फडके काही तासांत आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी उघड्यावर सुटी पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या, झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

पेपर बदलताना, पिशवी काढताना किंवा यंत्र बाजूला ठेवून चहाला जाताना बॅटरी काढून ठेवावी. वायरचे यंत्र प्लग काढला की मेले, बॅटरीचे यंत्र मात्र सदैव तयार असते आणि मुलांच्या हाताला त्याचे बटण सहज लागते. बॅटरी निकामी झाली तर ती घंटागाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

झिलई

व्हॅक्यूम क्लीनर जोडण्याविषयी कोणी लिहिले नाही. पिशवीऐवजी नळी जोडली की हवेतील धूळ खूपच कमी होते, पेपर स्वच्छ राहतो आणि तो जास्त टिकतो. फक्त व्हॅक्यूमला बारीक धूळ अडवणारा हेपा फिल्टर असावा, साधा घरगुती व्हॅक्यूम मागच्या बाजूने तीच धूळ पुन्हा खोलीत सोडतो. अर्थात व्हॅक्यूमला वायर आली, म्हणजे बॅटरीच्या यंत्राची निम्मी सोय गेली. फळीचे काम एका जागी होणार असेल तर मी वायरचा सँडर आणि व्हॅक्यूम हीच जोडी निवडेन. बॅटरीचे यंत्र चौकट, जिना, झोपाळा अशा हलवता न येणाऱ्या कामांना शोभते.

पदर, ओढणी, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस यांचा बंदोबस्त करूनच यंत्र हातात घ्यावे, हे पुरुषांनीही उपरण्याबाबत वाचावे.

धूळपाटी

हाताला मुंग्या येणे याकडेही दुर्लक्ष नको. युरोपीय नियमांत हातावरील कंपनासाठी आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही सावधगिरीची आणि ५ ही कमाल पातळी मानली आहे. यंत्राच्या पुस्तिकेत कंपन ५ लिहिलेले असेल तर दोन तास प्रत्यक्ष चालवताच २.५ ची पातळी गाठली जाते. बॅटरी थंड होईपर्यंत थांबावे लागते ती विश्रांती हातांसाठीही घ्यावी, आणि मूठ घट्ट आवळून धरू नये.

मुरारजी_पेठकर

ठरले ते असे. दरवाजाचा रंग रिमूव्हरने काढून घेणार, चौकट हलत नसल्यामुळे तिचे जुने थर वॉटर पेपरने ओले करून हाताने काढणार आणि सँडर आधी मागाच्या फळीवर चालवणार. एकच विचारायचे राहिले. फळीला जवसाचे तेल लावायचे आहे, दरवाजाला लाखेचे पॉलिश. दोन्हींसाठी शेवटचा नंबर एकच असावा का?

झिलई

नसावा. तेल लाकडात मुरावे लागते, म्हणून फळीला १८० वर थांबावे. फार बारीक घासलेल्या लाकडात तेल कमी शिरते. शेवटचा हात यंत्राने न फिरवता त्याच नंबराचा पेपर ठोकळ्याला गुंडाळून लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवावा. त्यानंतर ओलसर फडके फिरवून फळी वाळू द्यावी, उठून आलेले तंतू त्याच पेपरने अलगद काढावेत. आपल्या कोरड्या हवेत वाळायला फार वेळ लागत नाही.

रंधा_पटाशी

दरवाजाला २२० पर्यंत जावे आणि लाखेच्या दोन हातांनंतर ३२० ने हलके घासावे, तेही हाताने. लाखेवर सँडर चालवू नये, उष्णतेने ती मऊ होऊन पेपरला चिकटते. आणि पॉलिश दरवाजाच्या वरच्या व खालच्या कडेलाही लावावे. त्या कडा दिसत नाहीत म्हणून बहुतेक जण त्या कोऱ्या ठेवतात, मग पावसाळ्यात त्यातूनच ओल शिरते आणि दरवाजा चौकटीत अडकू लागतो. दरवाजा उतरवलेला आहे तोवरच हे काम करून घ्यावे.